सिग्नल नसताना

मकरपुऱ्यातल्या आमच्या कंपनीत
मी व्हिडिओ कार्डाचा ड्रायव्हर लिहिते.
गाडीचा नव्हे;
लग्नाच्या बोलणीत हे दोनदा सांगावं लागलं.

कार्डाच्या पाठीला एक पिवळं भोक असतं.
त्यातून येईल त्याच्या ओळी मोजायच्या:
सहाशे पंचवीस भरल्या तर पाल,
पाचशे पंचवीसला संपल्या तर एनटीएससी.
फ्रान्सची रीत आणखी निराळी,
ब्राझीलनं दोन्हींतलं थोडं थोडं घेतलेलं.
प्रत्येकीच्या नावानं एकेक बिट.
ह्या पद्धतींची स्टेशनं बंद पडत चालली
आणि मी अजून त्यांची हजेरी घेते.

पालची एक गोष्ट मला फार आवडते.
दर दुसरी ओळ रंग उलटा धरून चालते,
म्हणजे वाटेत झालेली चूक
शेजारणीच्या चुकीत जिरते.
रंग जरा फिका पडतो, खोटा पडत नाही.

फेब्रुवारीत कारेलीबागेतून फोन आला.
डॉक्टर वैष्णवांचा एंडोस्कोप,
जपानहून आलेला, सेकंडहँड,
आणि चित्राच्या तळाला काळी पट्टी.
"तीन महिने झाले," नर्स म्हणाली,
"आम्हाला वाटलं, अशीच असते."
पट्टी मोजली. शहाण्णव ओळी.
पाचशे शहात्तरातून चारशे ऐंशी वजा करा.

चूक माझीच.
कॅमेरा लागायच्या आधी कोणी विचारलं,
कुठली पद्धत?
तर माझा ड्रायव्हर सांगायचा, पाल.
वायरच जोडलेली नाही? तरी पाल.
बडोद्यात दुसरं काय असणार,
असं धरून चालले होते मी,
आणि रिकाम्या हातानं परत पाठवायचं
जिवावर आलं होतं.

कीर्तिदाबेननं ती ओळ वाचली,
चष्मा कपाळावर ढकलला.
"खबर नथी, तो खबर नथी लख."
मी शून्य लिहिलं.
मग त्यांनी दुसरी ओळ खोडली:
चालू चित्रात आपण होऊन पद्धत बदलायची नाही.
समोरच्यानं एका मापाचं भांडं धरलेलं असतं,
जास्त ओतलंस तर सांडेल.
हाक मार, की बदललंय.
पुढचं त्याचं तो बघेल.

रावपुऱ्यात बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं.
एक्याण्णव साली न्यू जर्सीहून
कुमुदआत्याची कॅसेट आली.
दोन्हीकडचं वाचणारा व्हीसीआर
बाबांनी एका दिवसाच्या भाड्यानं आणला.
आवाज स्वच्छ.
चित्र मात्र जिन्यावरून गडगडत राहिलं,
काळंपांढरं, पाय वर, डोकं खाली.
टीव्हीच्या मागे बसून बाबांनी स्क्रू फिरवला,
आत्या क्षणभर थांबली, पुन्हा सुटली.
तिच्या नव्या स्वयंपाकघरातून ती विचारत होती,
"दादा, दिसतंय ना?"
आणि दातांत टेस्टर धरलेले बाबा मागून,
"दिसतंय, दिसतंय."

आत्याला जाऊन चार वर्षं झाली.
गेल्या रविवारी मी ती कॅसेट ऑफिसात आणली.
बाबाही आले, सेव-उसळीचा डबा घेऊन,
पाव वेगळे, कागदात.
टेपवर पांढरी बुरशी होती.
मी कापसानं पुसली, लावली.
पडद्यावर नुसत्या मुंग्या.
ड्रायव्हरला विचारलं, कुठली पद्धत?
शून्य.
हेड पुसून पुन्हा विचारलं.
शून्य.
माझ्या हातचं सगळं बरोबर चाललं होतं.

कडेची आवाजाची पट्टी तेवढी वाचली होती.
खरखरीतून, बऱ्याच वेळानं,
"दादा, दिसतंय ना?"

बाबांनी खुर्ची पुढे ओढली.
"दिसतंय," म्हणाले.